सावकाशीची सहल



गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीतील आमच्या शेजारच्या पेढीवरचे तरुण मालक दुकानात आले. चेहरा असा, की जणू मोठ्या खरेदीचा सौदा पक्का करायचा आहे. म्हणाले, ''काका, मुलांना इमॅजिकाला न्यायचं आहे. शनिवारी रात्री दुकान वाढवून दहाला निघतो, रविवारी दिवसभर उद्यान, रात्री लगेच परत. सोमवारी सकाळी नऊला दुकान उघडं. आई-बाबाही येणार आहेत. कसं वाटतं?''

मी म्हटले, ''बसा. आधी चहा घ्या. हाच सौदा मी २०१९ मध्ये केला होता.''

त्यांना जे सांगितले तेच आज या सदरात लिहितो आहे. आपल्यापैकी अनेक घरांत दिवाळीच्या वह्या पुजून झाल्या की असेच बेत शिजतात, आणि बहुतेक असेच शिजतात.

२०१९ च्या त्या सहलीला आम्ही सातजण होतो. आई, वहिनी, माझी पत्नी, दोन मुले, पुतण्या आणि मी. दादा दुकानात थांबला. आमच्याकडे ती रीतच होती; दोघा भावांपैकी एकाने गादीवर असायचेच. एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष उद्यानाचा नव्हताच. रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचलो. गाडीतच तोंड धुतले आणि दार उघडताच आत शिरलो. मुलाने घरूनच यादी करून आणली होती: कोणती राइड आधी, कोणती नंतर. आई तेव्हा ७६ वर्षांची. गुडघे दुखरे. ती म्हणाली, ''तुम्ही जावा, पिशव्या मी सांभाळते.'' दाराजवळच्या झाडाखाली एक बाकडे होते, त्यावर ती बसली.

ती तिथे सात तास बसली. मध्ये दोनदा आम्ही पळत येऊन गेलो, एकदा पाण्याची बाटली घ्यायला आणि एकदा मुलीची चप्पल बदलायला. संध्याकाळी शेवटच्या मोठ्या राइडच्या रांगेत उभे असताना माझ्या लक्षात आले की सूर्य मावळला आहे. आई रात्री जेवत नाही. आयुष्यभर जेवलेली नाही. तिच्याजवळ ना पैशाचे पाकीट होते, ना जेवण कुठे मिळते याची माहिती. आम्ही परत आलो तेव्हा पावणेसात झाले होते. ''असू दे, भूक नव्हती,'' एवढेच ती म्हणाली. त्या वेळी ते मला खरेही वाटले.

परतीच्या वाटेवर मुलाने मागच्या आसनावरून हिशेब मांडला. चौदा राइड झाल्या. एकूण खर्चाला चौदाने भागले. उत्तर बरे आले. ''पैसे वसूल,'' असे तो म्हणाला आणि झोपला. सगळेच झोपले. रात्री दोनच्या सुमारास, सातारा मागे पडल्यावर, गाडी चालवणाऱ्या पुतण्याचाही डोळा लागला. आई तेवढी जागी होती, मनातल्या मनात णमोकार म्हणत. ती त्याचे नाव घेऊन ओरडली. गाडी दुभाजकाला घासत गेली, उजवीकडचा आरसा फुटला आणि आम्ही थांबलो. कोणाला खरचटलेही नाही. पुढचा अर्धा तास रस्त्याकडेला कोणी कोणाशी बोलले नाही. साडेपाचला घर आले आणि नऊला दुकान उघडले.

दादाने आईला विचारले, ''कसं होतं?'' ती म्हणाली, ''चांगलं होतं की. पण मी काय बघितलं ते तेवढं विचारू नकोस.''

आपण व्यापारी माणसे. माल घेताना भाव, वजन आणि तूट या तिन्ही गोष्टी पाहतो. सहलीच्या हिशेबात मात्र आपण फक्त तिकीट आणि राइड पाहतो. आईचे सात तास, तिचे हुकलेले जेवण, पुतण्याची झोप ही तूट वहीत कुठेच येत नाही. आणि गंमत अशी की इतर ठिकाणी आपल्याला हे सगळे कळते. संध्याकाळी रंकाळ्यावर कांदा न घातलेली भेळ खात बसतो तेव्हा ''तासाला किती पडले?'' असे कोणी विचारत नाही. शिखरजीला जातो तेव्हा आदल्या दिवशी मधुबनात मुक्काम करतो. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी आणि नऊ किलोमीटर उतार हे गणित ध्यानात ठेवून वृद्धांसाठी डोली आधीच ठरवतो, पहाटे निघतो आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखणार हे धरूनच परतीचे तिकीट काढतो. तेच कुटुंब मनोरंजन उद्यानाला निघाले की लुटीवर निघाल्यासारखे का वागते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. कदाचित मौज ही चोरून करायची गोष्ट आहे, असे आपल्या मनात कुठेतरी पक्के बसले असावे.

या उद्यानांची कल्पनाच मुळात एका बाकड्यावर सुचलेली आहे. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील फिरत्या घोड्यांवर बसवीत आणि स्वतः बाकड्यावर बसून शेंगदाणे खात. मुले खेळतात आणि आई-बाप नुसते बसून राहतात. दोघांनाही एकत्र मौज करता येईल अशी जागा का असू नये, असा विचार तिथे मनात आला, असे ते पुढे सांगत. त्यातून १९५५ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. तेही घाईचेच काम होते. उद्घाटनाच्या दिवशी कडक उन्हात नुकतेच टाकलेले डांबर इतके मऊ होते की बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि पाण्याचे पुष्कळ नळ कोरडे होते.

पण या लेखाच्या दृष्टीने त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची. डिस्नेलँडभोवती दुसऱ्यांनी लॉज आणि दुकाने थाटली. लोक दिवसभर उद्यानात येत आणि राहायला बाहेर जात. म्हणून फ्लोरिडात दुसरे उद्यान करायचे ठरले तेव्हा कंपनीने आधी सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. आपल्या कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीच्या दीडपटीहूनही ती अधिक भरते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथले उद्यान उघडले, आणि त्याच्यासोबत दोन हॉटेलेही उघडली. माणसाने तिथे राहावे, सकाळी उद्यानात जावे, दुपारी खोलीवर येऊन आडवे व्हावे आणि संध्याकाळी पुन्हा जावे, ही रचना तेव्हापासूनची. रिसॉर्ट म्हणतात ते याला. तिथे एका दिवसात सारे उरकायला जाणारा माणूस म्हणजे धर्मशाळेत खोली घेऊन व्हरांड्यात झोपणारा.

आपल्याकडे हीच रचना इमॅजिकाची आहे. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर ते उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी जलउद्यान, २०१५ मध्ये उद्यानाला लागूनच नोव्होटेलचे हॉटेल आणि २०१६ मध्ये बर्फाचे उद्यान, अशी त्याची वाढ होत गेली. चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. माझ्या पिढीला मोठे उद्यान म्हणजे १९८९ साली गोराईला निघालेले एस्सेलवर्ल्ड. शाळेची सहल, होडीचा प्रवास आणि संध्याकाळी परत. आपल्या डोक्यात सहलीचा जो साचा आहे तो तिथला आहे. मुक्कामाची सोय दाराशी आली तरी साचा काही बदललेला नाही.

२०२३ मध्ये मुलीने पुन्हा हट्ट धरला तेव्हा मी एकच अट घातली: दादा येणार असेल तर. दादा चाळीस वर्षे गादीवर आहे. लग्नकार्य आणि यात्रा सोडल्या तर दोन दिवस सलग दुकान बंद ठेवल्याचे मला आठवत नाही. तो नाही म्हणाला. मग आई त्याला म्हणाली, ''तू आलास तर मी येते.'' यावर त्याला काही बोलता आले नाही.

तारीख काढणे हेच निम्मे काम आहे, हे त्या वेळी कळले. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. पण धान्याच्या पेढीला वर्षाची बेगमी भरणाऱ्या गिऱ्हाइकांची तीच वेळ, शिवाय कोकणातला घामट उकाडा. पावसाळ्यात खोपोलीला पाऊस कोसळतो, उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात, आणि आईचा चातुर्मासात प्रवास न करण्याचा नेम. दिवाळीच्या सुट्टीत सारा महाराष्ट्र तिथे असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात शाळांच्या सहली, मग नाताळ. मधला एक अरुंद पट्टा उरतो: कार्तिकी पौर्णिमेनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही २० तारखेचे जीएसटीचे विवरणपत्र भरून झालेले असले की मन निवांत राहते. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा २७ नोव्हेंबरला आली. आम्ही २८ ला, मंगळवारी निघालो. मुलांच्या शाळेतून चार दिवसांची रजा मागावी लागली. वर्गशिक्षिकेला खरे कारण सांगितले आणि तिने ती दिली. शनिवार-रविवार टाळला तर रांगा निम्म्याहून कमी होतात, आणि तिकिटाचा दरही अनेकदा कमी असतो. हा व्यवहार व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

दुकानासाठी दादाने स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली, 'मंगळवार ते गुरुवार विक्री बंद राहील'. आलेल्या गाड्या दिवाणजींनी उतरवून घ्यायच्या, वजन लिहून ठेवायचे, भावाचे कोणाशी बोलायचे नाही, एवढे ठरले.

आता आईच्या चालण्याचा प्रश्न. तो अंदाजावर सोडू नये. आदल्या महिन्यात आम्ही तिला कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयात नेले. गावगाड्यातले बारा बलुतेदार, त्यांची कामे, शेत, आड, बाजार असे सारे शिल्पांत उभे केलेले आहे आणि ते पाहताना चालणे पुष्कळ होते. आई न थांबता किती चालते, कितीदा बसते, उन्हात किती वेळ बरी राहते हे तिथे पाहिले. वीस मिनिटे चालणे आणि पंधरा मिनिटे बसणे, हे तिचे माप निघाले. मग संपूर्ण बेत त्या मापाने शिवला. चाकाच्या खुर्चीची सोय आहे का, हेही फोनवर विचारून ठेवावे. खुर्ची लागली नाही तरी ती आहे हे माहीत असल्याने माणूस अधिक चालतो.

मुलांचेही माप घ्यावे. मोठ्या राइडना उंचीची अट असते, आणि संकेतस्थळावर ती राइडनिहाय पाहता येते. घरच्या दाराच्या चौकटीवर खूण करून मूल तिथे उभे करावे. दोन बोटे कमी पडत असतील तर ते घरीच सांगावे. मूल घरी रडले तर दहा मिनिटांत विसरते. दोन तास रांगेत उभे राहून दारातून परत आले तर दिवसभर विसरत नाही. हृदयविकार, पाठीचे दुखणे, गर्भारपण यांविषयीच्या सूचनाही तिथेच असतात. दादाचा रक्तदाब चढा असतो, म्हणून त्याने मोठ्या झोक्यांचा विचारच केला नाही. त्याला त्याचे दुःख झालेले दिसले नाही.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या घरांची सहल इथेच फिसकटते. ''जैन जेवण मिळेल का?'' असे फोनवर विचारले की सगळीकडून ''हो'' असेच उत्तर येते. ते उत्तर कामाचे नाही. प्रश्न असा विचारावा: संध्याकाळी पाच वाजता गरम जेवण कुठे मिळेल? नोव्हेंबरअखेर तिथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. मेमध्ये तो सात वाजून गेल्यावर होतो. म्हणजे थंडीत आपला दिवस तासाने लहान. आणि स्वयंपाकघराच्या दृष्टीने पाच ही वेळ ना दुपारची ना रात्रीची. दुपारचे जेवण उचललेले असते, रात्रीचे मांडलेले नसते, आचारी विश्रांतीला गेलेले असतात. आयत्या वेळी गेलात तर तळलेल्या बटाट्याशिवाय काही नसते, आणि तो आपल्याला चालत नाही. सकाळीच हॉटेलातील व्यवस्थापकाला भेटून किती माणसे, काय नको, किती वाजता हे कागदावर लिहून दिले तर ते आनंदाने करतात, असा आमचा अनुभव. आम्ही साधेच मागितले: फुलके, मुगाची डाळ, भात, दुधी. वेगळी कढई वापरा एवढे आवर्जून सांगितले.

बाहेरचे खाणे उद्यानात सहसा नेऊ देत नाहीत. आईचे उकळलेले पाणी आणि औषधे नेता येतील का हे आधी विचारून घेतले होते. खोलीवर मात्र दशम्या, खाकरे, मेथीच्या पुऱ्या आणि लसूण न घातलेले भडंग यांचा डबा होता. त्याने फार धीर येतो. निम्मी घाई ही भुकेच्या भीतीची असते.

प्रवास दिवसाच्या उजेडात करायचा हे तर फुटक्या आरशाने आधीच ठरवून ठेवले होते. कोल्हापूर ते खोपोली सुमारे ३०० किलोमीटर. आपल्याकडच्या महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामे आणि वळणे लक्षात घेता सात-आठ तास धरावेत. सकाळी सातला निघालो, साताऱ्याच्या पुढे नाश्ता, पुण्यात मावसबहिणीकडे जेवण, किवळ्याला द्रुतगती मार्ग, घाट उजेडी उतरून चारला हॉटेलवर. गाडी मी आणि पुतण्या आलटून पालटून चालवत होतो. त्या दिवशी उद्यानाकडे फिरकलोही नाही. मुले कुरकुरली, मग हॉटेलच्या तलावात पडली. साडेपाचला जेवण झाले आणि नऊला सगळे झोपले होते. मुलगा म्हणाला, ''एक दिवस वाया.'' मी म्हटले, ''गेल्या खेपेचे व्याज चालले आहे.''

बुधवारी सकाळी फक्त मुले, पुतण्या, माझी पत्नी आणि मी गेलो. आई, दादा, वहिनी खोलीवर. त्यांची तिकिटे काढायची ती दुपारनंतरच्या हिशेबाने. सगळ्यांनी एकदम आत गेलेच पाहिजे असा काही नियम नाही, पण आपल्याला तो असल्यासारखे वाटते. दार उघडल्यावरचा पहिला दीड तास मोठ्या राइडचा. तेव्हा रांग लहान असते. त्यातही आत शिरलेला लोंढा समोर दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या पाळण्यापाशी थांबतो, म्हणून आम्ही नकाशा पाहून आधी लांबच्या टोकाला गेलो. पुतण्या आणि मुलगा नायट्रो नावाच्या त्या उलट्यापालट्या गाडीत दोनदा बसले. मी एकदाही बसलो नाही आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. साडेअकराला, गर्दीच्या आधी, जेवून घेतले. सगळे जेवायला जातात तेव्हा रांगा पुन्हा कमी होतात. जादा पैसे देऊन रांग वाचवणारे तिकीटही मिळते. आडवाराला त्याची गरज भासली नाही. एखादी राइड देखभालीसाठी बंद असते. ती नेमकी मुलीच्या आवडीची निघाली, पण यादीच केलेली नसल्याने फारसे बिघडले नाही.

त्यातल्या राजासॉरसच्या जलसफरीविषयी सांगायलाच हवे. ते नाव काल्पनिक नाही. गुजरातमध्ये तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील रहिओली येथे सापडलेल्या अवशेषांवरून या भारतीय डायनोसॉरला २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे नाव दिले. हे मी मुलीला रांगेत सांगितले. पुढे उभ्या असलेल्या चार अनोळखी मुलांनीही मागे वळून ऐकले, आणि वीस मिनिटे कशी गेली कळले नाही. रांगेत सांगायला एखादी गोष्ट पाठ करून न्यावी, फोन खिशात ठेवावा.

साडेतीनला आई, दादा आणि वहिनी आले. बसून पाहायचे खेळ तेव्हासाठी राखून ठेवले होते. 'मिस्टर इंडिया' चित्रपटावरच्या खेळात आसने हलतात, म्हणून तो आईला दाखवला नाही. बाहेरूनच अलीबाबाची गुहा, रंगीत इमारती, माणसे असे पाहत ती तिच्या मापाने चालली. मग फिरत्या घोड्यांसमोर एक बाकडे दिसले. ती तिथे बसली आणि मला क्षणभर चर्र झाले. पण या वेळी पाळी लावलेली होती. अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेकाने तिच्याजवळ बसायचे. पहिली पाळी दादाची.

त्याने पुढची पाळी कोणाला दिलीच नाही. मी पाऊण तासाने गेलो तर दोघे बोलत होते. आमच्या वडिलांनी लक्ष्मीपुरीत भाड्याच्या ओट्यावर पहिली पोती ठेवली तेव्हाची गोष्ट आई सांगत होती. कोणाकडून उधार घेतली, पहिला पाऊस आला तेव्हा ताडपत्री कोणी दिली. त्यातले निम्मे दादाला ठाऊक नव्हते, मला तर काहीच. रोज एकाच घरात जेवणारी माणसे आम्ही. पण घरी दादा जेवतो तो घड्याळाकडे पाहत. त्या ताडपत्रीवाल्याचा नातू आज आमचा गिऱ्हाईक आहे आणि दादा त्याला उधारी नाकारतो, असेही निघाले. त्यावर दोघे बराच वेळ हसले.

पाचला हॉटेलवर जेवण, सहाला सूर्यास्त. मग पुन्हा उद्यानात जायचे की नाही हे आईवर सोपवले होते. संध्याकाळी दिव्यांची मिरवणूक निघते हे तिला मुलीने सांगितले होते. ती म्हणाली, ''पोट भरलंय, आता कसली घाई?'' आणि निघाली. मिरवणूक गेल्यावर फिरत्या घोड्यांचे दिवे लागले होते. त्यात घोड्यांबरोबर बसण्याचे बाकही असतात. नातीने हात धरला आणि आई त्यावर बसून तीन फेऱ्या फिरली. छायाचित्र काढायचे आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आले नाही.

गुरुवारी मुले दुपारपर्यंत जलउद्यानात. मोठी माणसे खोलीवर. जेवून निघालो, रात्री पुण्यात मुक्काम, शुक्रवारी सकाळी निघून दुपारी दीडला कोल्हापूर. खर्च २०१९ च्या मानाने अडीच पटीहून अधिक झाला, हे लपवत नाही. मुक्काम दोन रात्रींचाच असल्याने आणि आडवार असल्याने तो झेपला. ज्यांना हॉटेल महाग वाटेल त्यांनी खोपोलीत वा लोणावळ्यात साधी खोली पाहावी. फक्त लोणावळ्याहून रोज घाट उतरावा-चढावा लागेल हे धरावे. मुलाने या वेळी राइड मोजल्या नव्हत्या. मी विचारले तर म्हणाला, ''आठ-नऊ असतील.'' दुकानाचे म्हणाल तर त्या तीन दिवसांत दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. एक आठवड्याने परत आले. दुसरे अजून आलेले नाही.

माझे बोलणे ऐकून ते तरुण स्नेही थोडे हिरमुसले. चार दिवस दुकान बंद ठेवणे त्यांच्याने शक्य नाही, आणि ते खरेही आहे. त्यांना भाऊ नाही, दिवाणजी नाहीत. मग आम्ही वही घेऊन बसलो. रविवारी दुपारनंतर पत्नी, मुले आणि आई-बाबांना गाडीचालक ठरवून पुढे पाठवायचे, त्यांनी पुण्यात राहायचे. यांनी सोमवारी सकाळच्या गाडीने पुणे गाठून सगळ्यांसह खोपोलीला जायचे, मंगळवारी उद्यान, बुधवारी उजेडी परत. दुकान तीन दिवस बंद. बाबांचे मधुमेहाचे औषध आणि संध्याकाळचे जेवण यांच्या वेळा त्यांनी सर्वात वर लिहिल्या. तारीख २१ नोव्हेंबरच्या पुढची.

आमच्या बाकड्यावरच्या गप्पांतून आणखी एक गोष्ट निघाली होती. लग्नानंतर वडिलांनी आईला मुंबईची राणीची बाग दाखवायचे कबूल केले होते. दुकान लागले आणि ते राहून गेले. साठ वर्षे ती हे कोणाजवळ बोलली नव्हती. दादाने ते ऐकून घेतले, तेव्हा काही म्हणाला नाही. परवा त्याने दिवसाच्या कोयना एक्स्प्रेसची पाच तिकिटे माझ्यासमोर ठेवली. रात्रीची गाडी नको, असे त्याचेच मत. दशम्या सूर्यास्तापूर्वी गाडीतच खायच्या. बाग बुधवारी बंद असते, म्हणून गुरुवार धरला आहे.